परक्याचं पान

दुष्ट माणसांनी मला आयुष्यात फारसा त्रास दिलेला नाही. दुष्टांचा हेतू एकदा कळला की त्यांचा बंदोबस्त करता येतो. मला खरं छळलं ते एका सज्जन माणसाने, आणि तो सज्जन म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी. सबंध ठाणे जिल्ह्यात त्यांच्याइतका भला आणि त्यांच्याइतका असह्य माणूस दुसरा सापडला नसता. आणि सापडला असता, तर भाऊजींनी त्याला त्याच दिवशी घरी जेवायला आणलं असतं.

मी पडलो शिस्तीचा माणूस. उद्याची कामं आज लिहून ठेवल्याशिवाय मला झोप येत नाही, आणि लिहिलेलं काम राहून गेलं तर दुसऱ्या दिवशी जेवण गोड लागत नाही. डोंबिवलीत आमची दोन्ही बिऱ्हाडं एकाच गल्लीत. मध्ये एक विहीर आणि एक शेवग्याचं झाड. त्यामुळे भाऊजींचा संताप मला घरबसल्या ऐकू येई. ते कल्याणच्या कोर्टात कारकून होते. जन्मभर दाव्यांचे कागद हाताळल्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट हा एक दावा आहे आणि त्याचा निकाल आपल्यालाच द्यायचा आहे, अशी त्यांची समजूत झाली होती. अंगाने काटकुळे, मिशा पिकलेल्या, पण राग अगदी हिरवागार. विशेष म्हणजे त्यांचा राग वाइटावर कमी आणि चांगल्यावर जास्त. देवळात कुणीतरी वडिलांच्या नावाची संगमरवरी फरशी बसवली, तेव्हापासून भाऊजी ती फरशी टाळून, अंग चोरून, भिंतीला घासत देवापर्यंत जात. "बापाचं नाव लोकांच्या पायाखाली घातलं," ते भर देवळात म्हणत, "आणि वर त्याची पावती घेतली!" स्टेशनवर कुणाच्या तरी स्मरणार्थ ठेवलेलं एक बाक होतं. गुडघे कितीही दुखोत, भाऊजी त्या बाकाशेजारी उभे राहत, पण बसत नसत. मी एकदा म्हटलं, "अहो भाऊजी, बाक बसण्यासाठीच असतं." त्यावर ते म्हणाले, "बाक असतं तर बसलो असतो. ही जाहिरात आहे." गावातल्या सेवा समितीचा मी चिटणीस होतो, म्हणून मला ते नावाने हाक न मारता "चिटणीस" म्हणत, आणि त्यांच्या तोंडी तो शब्द एखाद्या दुखण्याच्या नावासारखा येई.

अठ्ठेचाळीस सालच्या त्या तीस जानेवारीला संध्याकाळी स्टेशनजवळच्या हॉटेलातल्या रेडिओवर बातमी आली, की दिल्लीला प्रार्थनेच्या वेळी म्हाताऱ्यावर गोळ्या झाडल्या. भाऊजी त्यांना "म्हातारा"च म्हणत, घरातल्या हट्टी वडिलांना म्हणावं तसं. हयातीत त्यांचं म्हाताऱ्याशी एकाही बाबतीत पटलं नव्हतं. सकाळी वर्तमानपत्र वाचताना ते त्यांच्याशी मोठ्याने भांडत, आणि "पुन्हा उपास? या वयात? कुणी सांगणारं नाही का घरात?" असं म्हणून चहा गार करून घेत. पण ती बातमी ऐकल्यावर ते घरी आले, ताईला चूल विझवायला सांगितली, आणि विहिरीवर जाऊन थंडीत डोक्यावरून पाणी घेतलं. आपलं माणूस गेल्यावर घेतात तसं.

समोरच्या घरात एक पेन्शनर राहत. सुशिक्षित, नेटके, भाऊजींचे रोजचे बुद्धिबळाचे भिडू. भाऊजी कोर्टातून आले की दोघांचा डाव पडे आणि जेवणापर्यंत चाले. आदल्या संध्याकाळचा डाव पेन्शनरांच्या ओटीवर अर्धवट राहिलेला तसाच होता. भाऊजी विहिरीवर निथळत उभे असताना पेन्शनर ओट्यावर आले आणि सहज, पान खाताना बोलावं तसं म्हणाले, "चला, सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा."

भाऊजींनी ओलेत्यानेच उत्तर दिलं. त्यांचा आवाज मी तेवढा खाली गेलेला कधीच ऐकला नव्हता. "माझ्या लेखी आजपासून समोरच्या घरात कुणी राहत नाही. मी तुम्हाला ओळखत नाही. यापूर्वीही ओळखत नव्हतो."

आणि ते त्यांनी पाळलं. पुढे वर्षानुवर्षं ते रोज त्या ओट्यावरून कोर्टात गेले आणि त्या ओट्यावरून परत आले, पण कुणी समोरच्यांचं नाव काढलं, की खरोखरच विचारात पडल्यासारखे म्हणत, "कोण बुवा हे?" समोरच्या काकू वारल्या तेव्हा सगळी गल्ली तिथे गेली, ताई गेली, मी गेलो. भाऊजी गेले नाहीत. ताई त्यावरून त्यांच्याशी आठवडाभर बोलली नाही.

खुनानंतरचे ते दिवस भलते होते. मारणारा ब्राह्मण निघाला म्हणून गावोगाव घरं पेटत होती, आमच्या गल्लीतली दारं दिवसाही आतून लावलेली असत. अशा वेळी गप्प बसावं हा साधा व्यवहार. पण भाऊजींनी जाहीर केलं, की ते म्हाताऱ्याचा दहावा करणार. त्यांनी भीतीने घरात बसलेल्या गुरुजींना बाहेर काढलं आणि मला बरोबर घेऊन खाडीवर आणलं. येताना ते मिशांसकट सगळी हजामत करून आले होते; ओळखू येईनात. गुरुजींनी विचारलं, "यजमान, मृताशी नातं काय?"

"नातं नाही."

"गोत्र?"

"ठाऊक नाही."

"मग विधी व्हायचा कसा?"

"ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप धरावं, असं तुमच्याच पोथीत आहे. काढा आणि वाचा!"

विधी झाला. पिंड ठेवला. दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवला नाही, तर गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा मागे राहिली असं आपल्याकडे समजतात, आणि ती पुरी करण्याचं वचन जवळच्यांनी द्यायचं असतं. कावळे समोरच्या तिवरांच्या झाडांवर भरपूर होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. ऊन चढलं होतं. गुरुजींनी आपली भलीमोठी काळी छत्री उघडून धरली होती. भाऊजी हात जोडून म्हणाले, "रोज सूत कातीन." कावळे ढिम्म. "चहा सोडला." हे त्यांनी अगदी आतड्यापासून म्हटलं होतं, तरी एका कावळ्याने नुसती चोच घासली. "यापुढे संताप करणार नाही." इथे गुरुजींनासुद्धा हसू आलं. शेवटी भाऊजींचा पारा चढला. तिवरांकडे हात नाचवून ते ओरडले, "मग आता करू तरी काय तुझ्यासाठी? रोज एक परका माणूस धरून आणू आणि पोटभर जेवायला घालू?"

त्या आवाजाने गुरुजी दचकले, त्यांच्या हातातली छत्री फटकन मिटली, आणि त्याच क्षणी एक कावळा येऊन पिंडाला शिवला.

परतताना मी सगळं नीट समजावून सांगितलं. म्हटलं, "भाऊजी, कावळे छत्रीला भीत होते. छत्री मिटली, कावळा आला. यात म्हाताऱ्याचा संबंध नाही. शिवाय ते तुम्ही रागाने विचारलंत. वचन दिलं नव्हतंत."

"चिटणीस," भाऊजी म्हणाले, "मी भर चौघांत विचारलं, 'असं करू का?' समोरच्याने 'हो' म्हटलं. करार पुरा झाला. कुठल्याही कोर्टात चल."

घरी ताईने विचारलं, "मला विचारायचंत तरी आधी! चूल कोण पेटवणार आहे?"

"कावळ्याने तेवढा वेळ दिला नाही," भाऊजी म्हणाले, आणि पहिल्या परक्याला शोधायला बाहेर पडले.

रेशनचे दिवस होते. आमच्या वाट्याला जाडा तांदूळ, तांबडा जोंधळा आणि खडे मिळून जे येई, त्यात घरची दोन माणसं भागवताना ताईचा जीव मेटाकुटीला यायचा. त्यात आता रोज एक पान परक्याचं. भाऊजींनी त्यावर सोपा उपाय काढला. ते स्वतः एकच वेळ जेवू लागले, आणि तेही परक्याचं जेवण झाल्यावर. परका नाही आला तर पाण्यावर. आणि परका म्हणजे कोण, याचा त्यांनी कोर्टातल्यासारखा काथ्याकूट करून नियम बांधला. नाव आधी विचारायचं नाही, कारण नाव कळलं की ओळख झाली. कुणाची शिफारस घेऊन आला तो बाद. जेवताना त्याला उपदेश करायचा नाही, त्याची कहाणी काढायची नाही. मुळात बोलायचंच नाही. वाढायचं ते स्वतःच्या हाताने. आणि सगळ्यांत घातक नियम हा, की एकदा जेवून गेलेला माणूस परका राहत नाही. म्हणून तो पुन्हा चालायचा नाही.

काय काय माणसं त्या पाटावर बसून गेली! एक कल्हईवाला जेवला आणि फुकट खाणं अंगी लागत नाही म्हणून ताईच्या घरातलं प्रत्येक भांडं, नको नको म्हणताना, अंगणात नेऊन चकचकीत करून गेला. मिठागरावरचा एक आगरी भाताचे डोंगर संपवून म्हणाला, "भात बेस हाय बाय, पन सुकं नसल तं घशाखाली उतरत नाय," आणि त्याने कंबरेच्या फडक्यातून सुकट काढली. ताईच्या स्वयंपाकघरात कांदासुद्धा विचारून आत येई. ती पदर नाकाला लावून मागच्या दारी जाऊन बसली. भाऊजींनी मात्र त्याच्यासाठी निखाऱ्यावर तवा ठेवून दिला. विठ्ठलवाडीकडच्या छावणीतून त्यांनी एक सिंधी म्हातारा आणला. पाटावर बसायच्या आधी त्याने विचारलं, "मेरे को शरणार्थी समझ के खिलाते हो? हम शरणार्थी नहीं, पुरुषार्थी हैं. भीक नहीं खाते." भाऊजींचं हिंदी म्हणजे कोर्टाचं मराठी जोराने बोललेलं. ते कडाडले, "भीक कौन देता है! हमारे ऊपर कर्ज है, हम फेडता है! तुम बैठो!" म्हाताऱ्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "कर्ज है, तो ठीक है," आणि बसला. पुढच्या रविवारी तो पापडांची चवड घेऊन दारात उभा. भाऊजींना आनंद झाला आणि पंचाईतही झाली; कारण आता तो ओळखीचा. त्यांनी त्याला ओटीवर बसवून नुसतं पाणी दिलं, आणि नियमाचा भंग न करता पाहुणचार कसा करावा यावर तोड म्हणून ते स्वतःच त्याच्या बराकीत जेवायला गेले.

मला सगळ्यात चीड येई ती या नियमाची. मी हिशेबी माणूस. मी त्यांना पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, की डोंबिवली ती केवढी, अशाने परकी माणसं संपतील. आणि तसंच झालं. गावातली, गावाबाहेरची, बाजाराला येणारी, सगळी माणसं जेवून ओळखीची होऊन बसली. रस्त्याने भाऊजी निघाले, की दहा ठिकाणांहून रामराम येई, आणि प्रत्येक रामरामाला ते कपाळावर आठ्या घालत. एक पान गेलं! कोर्टातून सुटल्यावर ते कल्याणच्या बाजारात फिरत, सुट्टीच्या दिवशी शीळफाट्याला जाऊन उभे राहत आणि बैलगाडीवाल्यांच्या तोंडाकडे निरखून बघत. गैरसमजही होत. ठाण्यात टेंभी नाक्यावर एका गृहस्थाला त्यांनी हाताला धरून "चला माझ्याबरोबर, नाव सांगू नका" असं म्हटलं, तेव्हा तो गृहस्थ चपला टाकून पळाला. भाऊजी त्या चपला घेऊन त्याच्यामागे धावले, त्यामुळे प्रकरण अधिकच बिघडलं.

आता आमच्या समितीविषयी. दरवर्षी तीस जानेवारीला आम्ही सेवेचा दिवस पाळत असू. प्रभातफेरी, सूतकताई, रस्तासफाई, अकराला मौन, मग पाहुण्यांचं भाषण. सगळं माझ्या हाताखालून जाई आणि मिनिटाला मिनिट जुळलेलं असे. भाऊजी त्याला "म्हाताऱ्याची जत्रा" म्हणत. "वर्षातून एक दिवस तुम्ही रस्ता झाडता," ते म्हणत, "आणि उरलेले दिवस ज्या हातांनी तो झाडला जातो, त्या माणसाला तुम्ही पाणी वरून ओतता!" एका वर्षी मुंबईहून एक बडे पाहुणे यायचे होते. त्यांच्या हस्ते रस्ता झाडून घ्यायचा होता. पहाटे बघतो तर आमच्या झाडूवाल्याने रोजच्याप्रमाणे रस्ता झाडून लख्ख केलेला! आता पाहुण्यांनी झाडायचं काय? मी तात्काळ दोन टोपल्या पालापाचोळा आणवून नीट पसरून घेतला. व्यवस्था म्हणतात ती हीच. इतक्यात भाऊजी तिथून गेले. पाचोळा बघून ते थबकले, माझ्याकडे बघितलं, आणि एकही शब्द न बोलता स्टेशनकडे निघून गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

मी हार, बँड आणि अध्यक्ष घेऊन ठरलेल्या गाडीला हजर. गाडी आली आणि गेली, पाहुणे नाहीत. पुढची आली आणि गेली. मौनाची वेळ मौनातच टळून गेली. हार सुकायला लागला. मी धावत ताईकडे गेलो, की सकाळी स्टेशनकडे गेलेल्या भाऊजींना कुणी दिसलं का, ते निदान विचारावं. आणि बघतो तर पाहुणे पाटावर मांडी घालून बसलेले, भाऊजी त्यांना पिठलं वाढताहेत! पाहुणे आधीच्या गाडीने उतरले होते. फलाटावर एकटे उभे होते. भाऊजींना ते परके वाटले.

"भाऊजी!" मी ओरडलो. "अहो, हे कोण आहेत ठाऊक आहे का?"

"सांगू नकोस, चिटणीस!" भाऊजी कानांवर हात ठेवून माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडले. "जेवण व्हायचंय त्यांचं!"

पाहुणे मान वर न करता म्हणाले, "चिटणीससाहेब, सकाळपासून तीन गावांत तीन हार घातले लोकांनी. जेवलात का, असं कुणी विचारलं नाही. भाताचं तेवढं बघा हो जरा."

पाहुणे सभेला आले ते भरल्या पोटी आणि जड डोळ्यांनी. तोवर वाऱ्याने निम्मा पाचोळा उडवला होता आणि निम्मा झाडूवाल्याने शिव्या घालत उचलला होता. भाषणात ते चार वाक्यं बोलले आणि खाली बसले, आणि गावात अजून सांगतात, की इतकं चांगलं भाषण त्या मैदानावर झालं नाही. माझ्या चार महिन्यांच्या मेहनतीचं काय? त्याविषयी कुणी बोलत नाही.

मग एका पावसाळ्यात विहिरीवर घसरून भाऊजींचा पाय मोडला. ठाण्याला नेऊन पायाला प्लास्टर घातलं आणि डॉक्टरांनी त्यांना खाटेवर बांधून टाकलं. अंगात ताप, औषध भरल्या पोटी घ्यायचं, आणि हे म्हणतात, परका जेवल्याशिवाय मी जेवणार नाही! ताईने हात जोडले, मी रागावलो. "करार आहे," एवढंच उत्तर. अखेर मी समिती कामाला लावली. पाळ्या लावून दिल्या. प्रत्येक स्वयंसेवकाने आपल्या पाळीला एक परका आणून हजर करायचा. पहिले काही दिवस झकास गेले. मग लोक आपले चुलते आणि मेहुणे आणू लागले. भाऊजी खाटेवरून उलटतपासणी घेत. "काय हो, तुम्हाला इकडे कुणी पाठवलं?" "साडूने." "बसा, जेवा, पण धरता येणार नाही. चिटणीस, दुसरा बघ!"

आणि मग तो दिवस उजाडला. आदल्या दिवसापासून पाऊस कोसळत होता. रुळांवर पाणी, गाड्या बंद, गल्लीत गुडघाभर लोंढा. बाहेरचा माणूस गावात येणं शक्यच नव्हतं. माझ्या स्वयंसेवकांपैकी एकानेही तोंड दाखवलं नाही. मी पोत्याची खोळ घेऊन स्टेशनपर्यंत जाऊन आलो. भेटले ते सगळे जेवून गेलेले; एकाने तर "आज काय बेत आहे?" म्हणून विचारलं. परत आलो तेव्हा भाऊजींचा ताप वाढला होता आणि ओठ सुकले होते. आदल्या दुपारनंतर पोटात काही नव्हतं. औषध उशाशी तसंच. मला संताप आवरेना. मी म्हटलं, "भाऊजी, एका कावळ्यापायी जीव देणार आहात का? छत्री होती हो ती, छत्री!"

"जीव देत नाही," ते क्षीण आवाजात म्हणाले. "भूक लागलीय मला. कडकडून लागलीय. पण त्याचं पान आधी."

ताई आतापर्यंत दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने पदर खोचला, लोंढ्यात पाय घातला आणि गल्ली ओलांडून समोरचं दार ठोठावलं. पेन्शनरांनी दार उघडलं. काकू गेल्यापासून ते एकटेच होते; खांदे उतरले होते, सदऱ्याला दोन बटणं नव्हती.

"जेवायला चला," ताई म्हणाली.

"मी? त्याने बोलावलंय?"

"त्यांनी नाही. त्यांना परका माणूस हवाय, आणि तुमच्याइतका परका या गावात दुसरा उरलेला नाही."

पेन्शनर आले. ओले पाय पुसून पाटावर बसले. भाऊजींनी मान वळवून बघितलं.

"हे कोण?" भाऊजींनी विचारलं.

"नाव विचारायचं नाही असा नियम आहे ना?" ताई म्हणाली. "वाढू?"

भाऊजी वरची कौलं मोजू लागले. स्वतःच बांधलेल्या नियमात माणूस इतका चपखल अडकलेला मी कोर्टातही पाहिलेला नाही. मग त्यांनी मला खूण केली. मी आमटीचं पातेलं आणि पान दोन्ही खाटेजवळ नेलं, आणि त्यांनी कोपरावर उठून स्वतःच्या हाताने वाढलं. पेन्शनरांनी पहिला घास घेतला आणि त्यांना ठसका लागला.

"पाणी द्या त्यांना!" भाऊजी खेकसले.

पेन्शनर पाणी प्यायले. खाली बघत म्हणाले, "त्या दिवशी मी जे बोललो—"

"जेवताना बोलायचं नाही. नियम आहे."

पेन्शनरांनी भात कालवला. थोड्या वेळाने भाऊजींनीच नियम मोडला. "आमटीत मीठ बरोबर आहे?"

"जरा कमी आहे."

"मला वाटलंच. पण तिला सांगायची कुणाची छाती आहे?"

हात धुऊन पेन्शनर दाराशी थांबले. त्यांना काहीतरी हवं होतं आणि ते मागता येत नव्हतं. शेवटी म्हणाले, "उद्या येऊ?"

"उद्या कसे याल?" भाऊजी म्हणाले. "एकदा जेवलात. परके राहिला नाहीत." मग भिंतीकडे तोंड फिरवून, "ओळखीची माणसं संध्याकाळी येतात. पट तुमच्याकडेच राहिलाय."

ते गेल्यावर भाऊजी जेवले, औषध घेतलं. मी विचारलं, "केलंत का माफ?" तर तापातही उसळून म्हणाले, "माफ करणारा मी कोण? ज्याने माफ करायचं त्याला मारलं ना रे! मी फक्त जेवायला घातलं."

गेल्या वर्षी भाऊजी गेले. मूलबाळ नव्हतं, म्हणून दहावा मीच केला. खाडी तीच, तिवरं तीच, गुरुजीही तेच; आता वाकलेले. त्यांची ती काळी छत्री आता दोन ठिकाणी ठिगळ लावलेली होती. ऊन चढलं म्हणून त्यांनी ती उघडली. मी ती मिटायला सांगितली नाही. कावळा शिवायला वेळ लागणार हे मी धरूनच चाललो होतो, आणि आदल्या दिवसापासून माझी तयारी होती. रोज जमणार नाही, भाऊजी, पण आठवड्यातून एक पान, असं म्हणायचं; तेवढ्यावर नाही भागलं तर दोनावर यायचं; त्याच्या वर मात्र जायचं नाही. माझ्यामागे पेन्शनर उभे होते. त्यांचेही ओठ हलत होते; त्यांनीही काहीतरी बोलायचं ठरवलेलं दिसत होतं.

मी पिंड ठेवला, दोन पावलं मागे झालो, घसा खाकरला, आणि कावळा शिवला. तोंडातून शब्द फुटायच्या आत. गुरुजींची छत्री डोक्यावर उघडी होती, चांगली पसरलेली. कावळ्याने तिच्याकडे बघितलंही नाही.

"काही मागे राहिलं नव्हतं त्याचं," पेन्शनर म्हणाले आणि डोळ्यांना उपरणं लावलं.

मला खरं सांगायचं तर रागच आला. आयुष्यभर या माणसाने माझे बेत उधळले, आणि जाता जाता हाही उधळला. मागितलं असतं तर दिलं असतं. बांधून घेतलं असतं तर निभावलं असतं; बांधलेलं काम मी कधी चुकवलेलं नाही. पण काही मागितलंच नाही. माणसाला असं मोकळं सोडून कुणी जातं का?

परवा समितीच्या कामाने विठ्ठलवाडीला गेलो होतो. परतीच्या गाडीला वेळ होता. फलाटावर एक म्हातारा गाठोडं घेऊन उभा होता, शेजारचं बाक रिकामं असून. मी जवळ गेलो. नाव विचारणार होतो, जीभ आवरली.

"जेवलात का?" मी विचारलं.

त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही कोण?"

एरवी नावाच्या आधी मी माझा हुद्दा सांगतो.

"कुणी नाही," मी म्हटलं. "चला. बहिणीने पान मांडलंय."